जुन्या डिझेल पिकअपची ओढण्याची ताकद वाढवताना आधी तापमानमापक बसवा

अमेरिकेत 1994 ते 2003 या काळात फोर्डच्या पिकअपमध्ये आलेले 7.3 लिटरचे पॉवरस्ट्रोक इंजिन आजही अवजड ट्रेलर ओढण्यासाठी वापरले जाते आणि त्याच्या संगणकाला ट्यूनिंगची चिप जोडून ताकद वाढवणे तुलनेने सोपे आहे. मात्र चिप विकत घेण्यापूर्वी टर्बोच्या (इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या) अलीकडे, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करणाऱ्या नळीत, धुराचे तापमान दाखवणारा मापक बसवून घ्यावा. कारण जादा इंधनाला पुरेशी हवा मिळाली नाही, तर काळा धूर येतो, तापमान चढते आणि लांब चढणीवर ॲल्युमिनियमचे पिस्टन वितळू शकतात. सतत भाराखाली सुमारे 675 अंश सेल्सिअस ही मर्यादा बहुतेक जाणकार पाळतात, आणि काटा तिच्याजवळ जाताच खालचा गिअर टाकून ॲक्सिलरेटर सैल करणे श्रेयस्कर ठरते. 1999 पूर्वीच्या गाड्यांत इंटरकूलर (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारा भाग) नसल्याने तेथे विशेष सावध राहावे.

चिपमध्ये अनेक पर्याय असले, तरी ट्रेलर जोडलेला असताना केवळ टोइंगसाठीचा सौम्य पर्यायच निवडावा. शर्यतीचा पर्याय मिरवण्यापुरता ठीक आहे. स्वयंचलित गिअरबॉक्सला तेलाचा स्वतंत्र कूलर आणि तापमानमापक द्यावा, कारण वाढलेला टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) प्रथम तिथेच त्रास देतो. ताकद वाढली म्हणून कंपनीने ठरवलेली वजन ओढण्याची मर्यादा वाढत नाही, कारण ती गाडीची चौकट, आस (ॲक्सल) आणि ब्रेक यांवरही अवलंबून असते. उत्सर्जन-नियंत्रणाचे भाग काढून टाकणे अमेरिकेच्या संघराज्य कायद्याने निषिद्ध आहे.