चरांवर बोटीतला दवाखाना न्यायचा, तर फेरी कशी आखायची

ब्रह्मपुत्रेच्या पात्रात वाळूची असंख्य बेटं आहेत. आसामात त्यांना चर किंवा चापरी म्हणतात. तिथे लाखो माणसं राहतात आणि बहुतेक ठिकाणी ना रस्ता, ना दवाखाना. ‘सेंटर फॉर नॉर्थ ईस्ट स्टडीज अँड पॉलिसी रिसर्च’ या संस्थेने २००५ मध्ये दिब्रुगडमधून ‘आखा’ नावाची बोट सुरू केली. असमियात आखा म्हणजे आशा. २००८ पासून हे काम सरकारी आरोग्य अभियानाच्या जोडीने चालतं आणि पुढे ते १३ जिल्ह्यांत १५ बोटींपर्यंत पोचलं. असं काम उभं करायचं असेल तर पैसा आणि बोट या सोप्या बाजू आहेत. अवघड आहे ते सांगितलेल्या तारखेला त्याच घाटावर परत पोचणं. लसीचा दुसरा डोस, गरोदर बाईची पुढची तपासणी, सगळं त्यावरच उभं आहे.

तारीख डॉक्टरांच्या सोयीने ठरवू नका, आधी तांडेलाला, म्हणजे बोट हाकणाऱ्या मुख्य खलाशाला विचारा. इथला प्रवाह एका पावसाळ्यात जागा बदलतो, त्यामुळे गेल्या वर्षीचा नकाशा कामाचा नाही. पावसाळ्यात पाणी भरपूर, पण ओढही तितकीच आणि सोबत वाहून येणारे ओंडके. हिवाळ्यात पाणी उथळ असतं आणि सकाळचं धुकं उठेपर्यंत निघता येत नाही. म्हणून एका दिवसात एकच चर धरा आणि अंधार पडण्याआधी बोट बांधलेली असेल असा हिशोब करा. माणशी एक लाइफ जॅकेट हवं, खलाशांनाही. ते पेटीत कुलूपबंद नको, अंगावर हवं.

बोट वाळूवर चढली की पहिली चूक ठरलेली: इंजिनाचा जोर वाढवणं. पंखा वाळू उपसत बोट आणखी रुतवतो आणि इंजिन थंड करणाऱ्या पाण्यातून वाळू आत ओढली जाऊन इंजिन तापतं. इंजिन बंद करा. पुढचं टोक टेकलं असेल तर माणसं आणि खोकी मागे हलवा. दोन खलाशांनी बांबूने चाचपून मागचं खोल पाणी शोधावं. तिकडे नांगर टाकून दोर ओढला की बोट बहुधा सुटते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी उतरत असतं. संध्याकाळी तरंगणारी बोट पहाटे कोरड्या वाळूवर दिसू नये, म्हणून मागचं टोक खोल पाण्यात ठेवून बांधा. उभ्या काठाखाली तर कधीच बांधू नका. काठाला समांतर बारीक भेग दिसली, की तो भाग कोसळायच्या बेतात आहे असं समजा.

लस हा फेरीतला सगळ्यात नाजूक माल. तिला २ ते ८ अंश सेल्सिअस लागतं. उन्हाची भीती सगळ्यांना असते, पण नुकसान गोठण्यानेही होतं. पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस), हिपॅटायटिस बी, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची) या लसी एकदा गोठल्या की निकामी, आणि वरून कुपी तशीच चांगली दिसू शकते. त्यामुळे डीप फ्रीजरमधून काढलेले आइसपॅक थेट कॅरिअरमध्ये, म्हणजे लस न्यायच्या हातातल्या पेटीत, घालायचे नाहीत. ते बाहेर मांडून ठेवा. पृष्ठभागावर घाम सुटला आणि कानाशी हलवल्यावर आत पाणी खळखळलं, की मग चार पॅक भरा. असा कॅरिअर वारंवार न उघडल्यास साधारण १२ तास टिकतो. मुक्कामाची फेरी असेल तर मोठा कोल्ड बॉक्स किंवा बोटीवर सौर फ्रीज लागतो. गोवर-रुबेलाची लस तिच्यासोबत येणाऱ्या निर्जंतुक पाण्यात मिसळली की कुपीवर वेळ लिहा. चार तासांनंतर ती टाकायचीच, रांगेत मूल उभं असलं तरी. त्या कुपीत जंतू वाढले तर बाळाचा जीव जाऊ शकतो.

चरावर ताडपत्री आदल्या दिवशी ठरलेल्या उंच जागी बांधा. आधी नोंद, मग वजन, तपासणी, रक्त-लघवी, औषधं. लसीचं टेबल सावलीत, शेवटी; लस दिल्यावर बाळाला अर्धा तास थांबवायचं असतं. जुलाबाच्या मुलाला ओआरएससोबत झिंक १४ दिवस: सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०. जुलाब थांबले की आई गोळी बंद करते, म्हणून चौदाच्या चौदा गोळ्या तिच्या हातात मोजून द्या. गरोदर बाईचा रक्तदाब १४०/९० किंवा वर आणि सोबत डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी असेल, तर तिला पुढच्या फेरीपर्यंत थांबवू नका. त्यासाठी प्रत्येक घाटावरच्या भुटभुटीवाल्याचा, म्हणजे इंजिनाच्या देशी होडीवाल्याचा नंबर आणि पलीकडे १०८ची गाडी कुठे भेटेल ते आधीच लिहून ठेवावं.

नोंदवहीत घरक्रमांकाला अर्थ नाही, कारण चर कापला गेला की अख्खी वस्ती उठते. कुटुंबप्रमुख, मोबाइल आणि ‘इथून उठलो तर कुठे जाऊ’ हे तीन रकाने ठेवा. लसीकरण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या. पुरात पहिलं तेच भिजतं. सुया, कापूस, कुपी रंगवार पिशव्यांत भरून सगळं परत आणायचं, नदीत किंवा वाळूत काही सोडायचं नाही.

नंदुरबारमध्ये सरदार सरोवराच्या फुगवट्याकाठच्या पाड्यांसाठी असंच काम करायचं तर वाळूऐवजी बुडालेल्या झाडांची खोडं सांभाळावी लागतात, आणि धरणाची पातळी उतरली की कालचा धक्का आज चिखलात असतो. तिथे उतरण्याच्या दोन जागा ठरवा, भरल्या पाण्याची आणि ओसरल्या पाण्याची.

निघण्यापूर्वी पुढची तारीख प्रत्येक कार्डावर लिहा आणि आशाताईंकडे यादी द्या. फेरी रद्द होणार असेल तर त्यांना आदल्या दिवशी दुपारपर्यंत फोन गेला पाहिजे, नाहीतर बायका लेकरं कडेवर घेऊन घाटावर उन्हात बसून राहतात.