अमेरिकेतील नोकरी गेली, तर ग्रीन कार्डच्या अर्जाचे काय करावे

माझ्या भाच्याची नोकरी गेली त्या दिवशी फोंड्याच्या घरी फोन आला, तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. कॅलिफोर्नियात नुकतीच सकाळ झाली होती. पंधरा मिनिटांच्या बैठकीत कपात जाहीर झाली आणि बैठक संपताच त्याचा ऑफिसचा लॅपटॉप बंद पडला. ताईने विचारले, "म्हणजे ग्रीन कार्डही गेलं?" याचे उत्तर अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे त्यावर ठरते, आणि तो टप्पा सांगणारी कागदपत्रे नेमकी त्या बंद लॅपटॉपमध्ये होती.

प्रथम मुक्कामाचा प्रश्न आणि ग्रीन कार्डचा प्रश्न वेगळे करावेत, कारण घाई पहिल्याची असते. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरील माणसाला नोकरी सुटल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. आय-९४ ची, म्हणजे मुक्कामाच्या परवानगीच्या नोंदीची, मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेच. ही मोजणी साधारणपणे ज्या दिवसापर्यंतचा पगार मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून होते, आणि कंपनीने निरोपाची म्हणून दोन-तीन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम दिली तरी मुदत वाढत नाही. या अवधीत नव्या कंपनीचा एच-१बी अर्ज दाखल झाला पाहिजे. तो मंजूर होण्याची वाट पाहावी लागत नाही. ते न जमल्यास जोडीदाराच्या व्हिसावर अवलंबित म्हणून किंवा पर्यटक म्हणून दर्जा बदलून मागता येतो, मात्र पर्यटकाला काम करता येत नाही.

आता अर्जाकडे वळू. पहिला टप्पा पर्म, म्हणजे श्रम खात्याचे प्रमाणपत्र. ते सर्वस्वी कंपनीचे असते. त्या टप्प्यावर नोकरी गेली तर हाती काही उरत नाही. कपातीतून वाचलेल्यांनाही त्याची झळ बसते, कारण त्याच भागात त्याच किंवा संबंधित कामावरील माणसे गेल्या सहा महिन्यांत कमी केली असतील, तर पात्र अमेरिकी कामगारांना कळवून त्यांचा विचार केल्याशिवाय कंपनीला पर्म दाखल करता येत नाही. या कटकटीपेक्षा काही कंपन्या महिनोन्महिने पर्म थांबवणेच पसंत करतात.

दुसरा टप्पा आय-१४० चा, म्हणजे या माणसाला ग्रीन कार्ड द्यावे अशा कंपनीच्या अर्जाचा, आणि खरे लक्ष द्यावे ते इथे. तो प्रलंबित असताना कंपनीने मागे घेतला तर विषय संपतो. मंजूर झाला असेल, तर त्यावरची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा, फसवणूक किंवा गंभीर चूक निघाल्याखेरीज अर्जदाराकडेच राहते. भारतात जन्मलेल्यांची रांग वर्षानुवर्षांची असल्यामुळे ही तारीख म्हणजे मोठी मिळकत आहे. मंजुरीला १८० दिवस झाल्यानंतर कंपनीने आय-१४० मागे घेतला, तरी केवळ त्या कारणाने मंजुरी रद्द होत नाही आणि तिच्या आधारे एच-१बी त्याच्या सहा वर्षांच्या कमाल मर्यादेपलीकडे वाढवून मिळू शकतो. १८० दिवसांच्या आत मागे घेतला तर तारीख राहते, मुदतवाढीचा आधार जातो. आय-१४० मागे घेण्याचे बंधन कंपनीवर नसते. म्हणून दिवस कमी पडत असतील तर १८० पूर्ण होईपर्यंत तो राहू द्यावा, अशी लेखी विनंती मनुष्यबळ विभागाला त्याच आठवड्यात करावी. त्यात संकोच कसला? नवी कंपनी पर्म आणि आय-१४० पुन्हा पहिल्यापासून करील, पण रांगेतली जागा जुनीच राहील.

तिसऱ्या टप्प्यावर, म्हणजे रांगेत पाळी आल्यावर भरायचा आय-४८५ हा ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज दाखल होऊन १८० दिवस झालेल्यांना, त्याच किंवा मिळत्याजुळत्या कामाची नवी नोकरी दाखवून तोच अर्ज पुढे नेता येतो; त्यासाठी सप्लिमेंट-जे हा फॉर्म भरतात. २००० सालच्या कायद्याने ही सवलत दिली. एक धोका मात्र घरच्यांनीही लक्षात ठेवावा. एच-१बी संपल्यावर अ‍ॅडव्हान्स पॅरोलची, म्हणजे बाहेर जाऊन परत येण्याची, परवानगी हाती नसताना माणूस चतुर्थीला गोव्यात आला, तर त्याने अर्ज सोडून दिला असे धरले जाते.

गोव्यातल्या कुटुंबांनी आणखी एक गोष्ट तपासावी. रांग पासपोर्टवरून नव्हे, जन्मस्थानावरून ठरते. मडगावात जन्मलेल्याने पुढे पोर्तुगीज नागरिकत्व घेतले तरी तो भारताच्याच रांगेत उभा राहतो. उलट, आखातात आयुष्य काढलेल्या गोमंतकीय कुटुंबातली सून कुवेतला किंवा बहरीनला जन्मलेली असेल, तर नवऱ्यालाही तिच्या जन्मदेशाची रांग वापरता येते, आणि मग आय-४८५ चा टप्पा कितीतरी लवकर गाठता येतो. तिचा जन्मदाखला कपाटातून काढून ठेवावा.

परत यावे लागले तरी प्रायॉरिटी डेट बुडत नाही. पुढे नव्या कंपनीमार्फत मुंबईच्या अमेरिकी वकिलातीतून प्रक्रिया होऊ शकते. मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी काढलेल्या घोषणेने अमेरिकेबाहेरील माणसासाठीच्या नव्या एच-१बी अर्जावर १,००,००० डॉलरची रक्कम लावली. ती घोषणा मुळात १२ महिन्यांची होती, तेव्हा विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी आजचा नियम वकिलाकडून समजून घ्यावा. वकील स्वतःचा असावा. कंपनीच्या वकिलाला कंपनीचे हितही सांभाळावे लागते.

कागदपत्रांमध्ये आय-१४० चे मंजुरीपत्र किंवा निदान त्याचा पावती क्रमांक, पर्ममधले कामाचे वर्णन आणि पगाराच्या पावत्या एवढे घरच्या संगणकावर आधीच असावे. कंपनी प्रत देत नसेल, तर अमेरिकेच्या माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली सरकारकडून मागवता येते, पण त्याला वेळ लागतो आणि ६० दिवस थांबत नाहीत. भाच्याचे मंजुरीपत्र शेवटी ताईच्या फोनमध्ये सापडले. आनंदाच्या भरात त्याने त्याचा फोटो काढून तिला पाठवला होता, तिने तो गणपतीच्या फोटोंत ठेवून दिला होता. चष्मा लावून तिने तारीख मोठ्याने वाचली, आणि मी बोटांवर महिने मोजले तर ते चौदा भरले.