रिसर्च झाला, आता तो गल्लीत कसा पोचवायचा?

पीएचडी नाहीतर मास्टर्सचं काम संपतं, पेपर कुठल्यातरी जर्नलला जातो, गाईड पाठ थोपटतात, आणि ज्या रस्त्यावर आपण दोन महिने टेप घेऊन फिरलो तिथल्या माणसांना त्यातलं काही म्हणजे काहीच कळत नाही. शहरांवरच्या अभ्यासात हे सर्रास होतं. मी पण केलंय. माझा विषय फुटपाथ, तेही पुण्यातले (हसू नका, आहेत थोडेफार). तर चुका करून जे शिकलो ते लिहितोय. नगररचना, भूगोल, समाजशास्त्र, आर्किटेक्चर, कुठल्याही दाराने शहराच्या अभ्यासात शिरलेल्यांना उपयोगी पडावं.

आधी शब्दांचं बघा. पहिल्यांदा एका सोसायटीच्या मीटिंगला गेलो, प्रोजेक्टर लावला आणि उत्साहात म्हणालो की डीपीमध्ये हा रस्ता बराच रुंद दाखवलाय. पुढच्या खुर्चीवरच्या काकू लगेच, "हो ना, तो डीपी हलवाच बाबा, पावसात ठिणग्या उडतात त्यातून!" त्यांचा डीपी म्हणजे कोपऱ्यावरचा लाइटचा डबा. मागे बसलेल्या पोराचा डीपी म्हणजे व्हॉट्सॲपचा फोटो. आणि माझा डीपी म्हणजे डेव्हलपमेंट प्लॅन, जो त्या हॉलमध्ये फक्त माझ्याच डोक्यात होता. आता मी "विकास आराखडा" म्हणतो आणि तेवढ्यावर न थांबता पुढे जोडतो, "म्हणजे पालिकेचा वीसेक वर्षांचा नकाशा, कुठे शाळा होणार, कुठे बाग, कुठला रस्ता रुंद होणार ते सगळं त्यात असतं." मग मान हलते.

गंमत म्हणजे उलटंही होतं. एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं त्याचं प्रमाण), टीडीआर (एका जागेचा बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरणं) हे शब्द समजावून सांगायला गेलात तर लोक तुम्हाला समजावून सांगतील, कारण निम्म्या सोसायट्या रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा करून बसल्यात आणि सातबारा तर काय, आजोबांपासून पाठ. त्यामुळे आपल्याला अवघड वाटतो तो शब्द लोकांना अवघड असेलच असं नाही. "वॉकेबिलिटी" मात्र काढून टाका. "चालत जाता येतं का" म्हणा.

आकड्यांचंही तेच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या (रस्त्यांचे मापदंड ठरवणारी संस्था) २०१२ च्या पादचाऱ्यांसाठीच्या नियमांत वस्तीतल्या फुटपाथला कमीत कमी १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितलीय. हे वाक्य असंच्या असं वाचलंत तर कोणी जागचं हलत नाही. सहा फुटाला जरा कमी असं सांगा, आणि त्याहून बरं म्हणजे खडूने रस्त्यावर दोन रेषा मारा आणि भाजीच्या पिशव्या घेतलेल्या दोन बायकांना समोरासमोरून जायला सांगा. मग त्यांच्या फुटपाथवर जेवढी जागा खरंच उरते तेवढ्यात परत तेच करायला सांगा. मी आयुष्यात दिलेलं सगळ्यात चांगलं प्रेझेंटेशन ते, स्लाइड एकही नव्हती.

आता मुख्य गोष्ट, छापायच्या आधी परत जा. म्हणजे पेपर पाठवायच्या आधी, सगळं कच्चं असताना, ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांच्यासमोर नकाशा पसरायचा. उपकार म्हणून नाही, स्वतःची लाज वाचवायला. मी एका रस्त्यावर बऱ्याच लांबीला "फुटपाथ नाही" असं लाल रंगवून ठेवलं होतं. इस्त्रीवाले काका नकाशा बघून म्हणाले, "हे कधी मोजलंस रे?" तारीख सांगितली तर हसायलाच लागले. गणपतीचे दिवस होते आणि फुटपाथ होता की, मांडवाखाली! परीक्षकांच्या हे बापजन्मात लक्षात आलं नसतं आणि मी तेच घेऊन पालिकेत गेलो असतो तर तिथल्या माणसाने पहिल्या मिनिटाला घरी पाठवलं असतं.

नकाशा काढताना उत्तर दिशेचा बाण कोपऱ्यात असू दे पण माणसं त्यावरून दिशा ओळखत नाहीत, मारुतीच्या देवळावरून ओळखतात, दूध डेअरी, रिक्षा स्टँड, बंद पडलेलं थिएटर यावरून ओळखतात. ती नावं मोठी टाका. प्रभाग क्रमांकावर विसंबू नका. २०११ च्या जनगणनेतले वॉर्ड आणि आत्ताचे प्रभाग जुळत नाहीत, निवडणूक आली की हद्दी पुन्हा हलतात, आणि क्षेत्रीय कार्यालयाची हद्द तिसरीच असते, म्हणजे तुमच्या शीर्षकातला "प्रभाग अमुक" चार वर्षांनी भलत्याच भागाला लागू होतो. आणि रंगांवर फार भिस्त नको, कारण शेवटी कोणीतरी त्याची काळी-पांढरी झेरॉक्स काढणारच आणि तुमच्या सात छटांचा एकच राखाडी चिखल होणार, त्यापेक्षा रेघा-ठिपके वापरा. एक ए-थ्री कागद, एका बाजूला नकाशा, पाठीमागे मोठ्या अक्षरात दहा-बारा ओळी, बास. व्हॉट्सॲपला फोटो म्हणून टाकलंत तर बारीक अक्षरं फुटतात, पीडीएफ टाका, आणि सोबत मिनिटभराचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा, वाचायचा कंटाळा असलेले बरेच जण तेवढं ऐकतात.

हे सगळं आपणच शोधून काढलंय असं वाटायला लागलं की मी पॅट्रिक गेडिसची आठवण काढतो. हा स्कॉटिश माणूस १९१४ ला भारतात यायला निघाला तेव्हा शहरांवरचं त्याचं अख्खं प्रदर्शन, नकाशे, चित्रं वगैरे, वेगळ्या जहाजाने येत होतं आणि ते जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडवलं. (आपला पेनड्राइव्ह गेला तर आपण आठवडाभर सुतकात.) त्याने पुन्हा सामान जमवलं आणि १९१५ च्या सुरुवातीला मद्रासला प्रदर्शन लावलं. पुढे होळकरांच्या इंदूरला प्लेग होता, तिथे शहराचा अभ्यास करून रिपोर्ट तर त्याने लिहिलाच, दोन खंडांत, १९१८ ला छापून आला, पण त्याआधी दिवाळीत मिरवणूक काढली. आणि अट काय घातली, तर मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही, ज्या भागातली घरं-गल्ल्या जास्त साफ होतील तिथून जाणार. मिरवणुकीत प्लेगचा मोठाच्या मोठा उंदीर होता, आणि सफाई कामगार स्वच्छ कपडे घालून मानाने चालले. उंदीर आणि घाणीचा संबंध लोकांना कागद न वाचता कळला. हाच माणूस १९१९ ला मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. आपल्याला मिरवणूक काढायची नाहीये, पण मंडळाच्या देखाव्यात एक बोर्ड लावायला अध्यक्षांना विचारून तर बघा, पुण्यात त्या दहा दिवसांत जेवढे लोक बघतील तेवढे तुमच्या पेपरला जन्मात मिळायचे नाहीत.

एका बाबतीत मात्र हात आखडता घ्या. पथारीवाले कुठे बसतात, कुठल्या नळाचं कनेक्शन कागदावर नाही, कुठल्या खोलीत किती भाडेकरू, असलं ठिपक्या-ठिपक्याने दाखवणारा नकाशा तुम्ही कौतुकाने वाटता आणि पुढच्या आठवड्यात अतिक्रमणची गाडी तोच कागद घेऊन येऊ शकते. २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, सर्व्हे होईपर्यंत उठवायचं नाही वगैरे त्यात आहे, पण गाडी आल्यावर कायदा वाचून दाखवायला तुम्ही तिथे असणार आहात का? ठिपके एकत्र करून शंभर मीटरच्या चौकोनात फक्त संख्या द्या. फोटोतले चेहरे, गाड्यांचे नंबर पुसा. आणि फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवलात तर त्यात लपलेलं लोकेशन तसंच पुढे जातं हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं.

पालिकेत जाताना पेपर नेऊ नका, पत्र न्या. एका पानाचं, मराठीत, कुठल्या चौकापासून कुठल्या चौकापर्यंत काय अडचण आहे आणि नेमकं काय करावं हे लिहिलेलं. "सर्वसमावेशक धोरण आखावे" असलं लिहिलंत तर ते कोणाचंच काम होत नाही, "अमुक दुकानासमोरचा फीडर पिलर (म्हणजे विजेचा डबा) दोन फूट मागे घ्यावा" हे एका माणसाचं काम होतं. आवक विभागात द्यायचं, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायचा. तोंडी सांगून, चहा पिऊन आलात तर तुम्ही तिथे कधी गेलाच नव्हता असं समजा. मग ज्युनिअर इंजिनिअरला गाठा. साहेबांपेक्षा त्याला रस्ता जास्त माहिती असतो, आणि तो म्हणाला की खाली केबल आहे, होणार नाही, तर वाद घालू नका, लिहून घ्या, तुमच्या अभ्यासात ती केबल नव्हती.

वेळ चुकली की सगळं चुकतं. पालिकेचं बजेट साधारण जानेवारीपासून आकार घ्यायला लागतं, मार्चमध्ये रिसर्च घेऊन गेलात तर पुढच्या वर्षी या. पुण्यात २००६ च्या सुमारापासून नागरिकांकडून छोटी कामं सुचवून घेतात, त्याचे अर्ज बजेटच्या काही महिने आधी निघतात, तारीख दरवर्षी बघून ठेवा. विकास आराखड्याचं आणखी कडक. १९६६ चा एमआरटीपी, म्हणजे राज्याचा नगररचनेचा कायदा आहे त्यात मसुदा जाहीर झाला की हरकती-सूचनांना ठराविक मुदत असते, मग सुनावणी. त्या मुदतीत दिलेला अर्धवट निष्कर्ष मुदतीनंतरच्या परिपूर्ण पेपरपेक्षा कामाचा. मुंबईत फेब्रुवारी २०१५ ला मसुदा आला, त्यातल्या चुकांवर हजारोंनी हरकती गेल्या आणि एप्रिलमध्येच सरकारने तो दुरुस्त करायला परत पाठवला, मंजुरी मिळायला २०१८ उजाडलं. तिथे उपयोगी पडलं ते काय, तर कोणाचं देऊळ, कोणाची शाळा, कुठली इमारत नकाशात चुकीची दाखवलीय हे जागेवरचं ज्ञान. हरकत लिहिताना एका पत्रात एकच मुद्दा, सोबत सर्व्हे नंबर किंवा सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर आणि नकाशाचा तुकडा.

जर्नलचं थोडक्यात. तुमच्या पेपरच्या तीन अवस्था असतात, पाठवलेला, तपासून स्वीकारलेला, आणि प्रकाशकाने छापील रूप दिलेला. पहिली बहुतेक ठिकाणी सोसआर्काइव्हसारख्या फुकट जागी टाकता येते, दुसरीला कधी कधी काही महिने थांबावं लागतं, तिसरी ओपन ॲक्सेस (म्हणजे कोणालाही फुकट वाचता येणारी) नसेल तर सगळीकडे वाटायची नाही. करार सही करायच्या आधी वाचा, नंतर नाही. मोजमापाचा डेटा झेनोडो या फुकट साइटवर ठेवा, तिथे डीओआय (त्या डेटाचा कायमचा ओळख क्रमांक) मिळतो, म्हणजे पुढच्या पोराला तोच रस्ता परत मोजायला नको. आणि पैसे भरा, आठ दिवसांत छापतो असं म्हणणारं जर्नल दिसलं तर सरळ पळा.

पत्रकाराचा फोन आला तर चार ओळी आधीच लिहून ठेवलेल्या असू द्या, त्यातली एक ओळ "या अभ्यासातून काय सिद्ध होत नाही" याची. मी ती दिली नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी एका रस्त्यावरची माझी मोजणी अख्ख्या शहराची होऊन बसली होती.

चूक सापडली तर जिथे जिथे कागद दिला तिथे नवा कागद घेऊन जायचं. माझा पहिला नकाशा त्या इस्त्रीच्या टपरीत लावला होता, मांडव काढून टाकलेला दुसरा नेला तर काकांनी जुन्यावरच चिकटवला आणि म्हणाले, तारीख टाक की कोपऱ्यात. तेव्हापासून प्रत्येक नकाशावर कुठल्या महिन्यात मोजलं ते आधी लिहितो, माझं नाव नंतर.