संगणक स्वतः जुळवताय? या चुका टाळा

घरचा संगणक स्वतः जुळवायला निघालेले बहुतेक जण महिनाभर प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डांच्या तुलना करतात आणि शेवटी शिल्लक उरलेल्या पैशांत मिळेल तो एसएमपीएस, म्हणजे संगणकाच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, उचलतात. अनेकदा तोही वेगळा घेत नाहीत, कारण कॅबिनेटबरोबर तो ‘फुकट’ आलेला असतो.

माझ्या भाच्याचा संगणक असाच माझ्या टेबलावर आला. गेम सुरू केला की दोन-चार मिनिटांत यंत्र झटक्यात बंद पडत असे. त्याने तीनदा विंडोज नव्याने टाकले होते, रॅम बदलून पाहिली होती, आरटीएक्स ३०६० कार्ड दुरुस्तीला पाठवून ते ठणठणीत असल्याचा निर्वाळाही मिळवला होता. कॅबिनेटची बाजू उघडून एसएमपीएसवरचा कागद वाचणे तेवढे राहून गेले होते. त्यावर ठळक अक्षरांत ४५० वॅट छापलेले होते आणि खालच्या बारीक कोष्टकात १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर. गुणाकार करा: १६८ वॅट. याच १२ व्होल्टवर चालणाऱ्या त्या कार्डालाच १७० वॅट लागतात, प्रोसेसरचे वेगळे. कार्डासाठी आठ पिनांची वायर नसल्यामुळे दुकानदाराने कन्व्हर्टर लावून दिला होता आणि त्याच्या एका पांढऱ्या प्लगची कड तपकिरी पडून वितळू लागली होती. कार्ड वाचले, हे त्याचे नशीब.

तेव्हापासून मी दुकानात खोका उलटा करून आधी ते कोष्टक वाचतो आणि १२ व्होल्टचा गुणाकार मोठ्या आकड्याच्या जवळपास येत नसेल, तर तो डबा तिथेच ठेवतो. कार्डाची कंपनी ५५० वॅट सुचवत असेल, तर तेवढा तरी घ्यावाच. ‘८० प्लस’चे चिन्ह वीज किती कार्यक्षमतेने वापरली जाते एवढेच सांगते, आतल्या संरक्षणाची हमी देत नाही; म्हणून मी पाच वर्षांची वॉरंटी असलेलाच घेतो.

दुसरी चूक सवलतीच्या मोहाची. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असते, त्यात अंगचे ग्राफिक्स नसते. ‘कार्ड पुढच्या दिवाळीत घेऊ’ म्हणणाऱ्यांनी तो थोडा स्वस्त मिळतो म्हणून घेतला, की दिवाळीपर्यंत पडदा काळाच राहतो. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचे (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा) मदरबोर्ड डीडीआर ४ रॅमचेही मिळतात आणि डीडीआर ५ रॅमचेही, पण दोन्ही रॅमची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे बसत नसेल तर दाबू नका. एएमडीच्या एएम ५ सॉकेटवर फक्त डीडीआर ५ चालते.

रॅमच्या दोन पट्ट्या सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवतात, पण मदरबोर्डचे माहितीपत्रक पाहावे. मॉनिटरची केबल कार्डाला लावावी, मदरबोर्डला नव्हे. कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढावी. हसू नका, मी दोनदा पाहिली आहे.

घाई असलेल्यांना माझी शेवटची सवय वेळखाऊ वाटते. मी मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर, रॅमची एकच पट्टी, गरज असल्यास ग्राफिक्स कार्ड आणि एसएमपीएस जोडतो, पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवतो आणि पडद्यावर बायोस (विंडोजच्या आधी दिसणारा मदरबोर्डचा स्वतःचा मेनू) दिसल्यानंतरच सगळे कॅबिनेटमध्ये कसतो.