दाताच्या इम्प्लांटची कॅप हलतेय? डॉक्टरांकडे जाण्याआधी एवढं करा

सगळ्यात आधी जुनी फाईल काढा. इम्प्लांट बसवलं तेव्हा क्लिनिकने कार्ड दिलं असेल किंवा फाईलमध्ये छोटा स्टिकर चिकटवला असेल. त्यावर कंपनी, मॉडेल, लॉट नंबर आणि ४.३ × १० असं मिलिमीटरमधलं माप असतं. दुरुस्तीचं निम्मं काम या कागदावर अडतं. हाडातलं टायटॅनियमचं इम्प्लांट, त्यावरचं अबटमेंट (कॅपला आधार देणारा जोड) आणि वरची कॅप हे वेगवेगळे भाग. त्यांना जोडणारा बारीक स्क्रू आणि तो फिरवायचा ड्रायव्हर कंपनीप्रमाणे बदलतो. नाव ठाऊक नसलं तर डॉक्टरांना एक्स-रेवरून अंदाज बांधावा लागतो, आणि चुकीचा स्क्रू लागला तर आतले आटे खराब होतात. कार्ड सापडत नसेल तर जुन्या क्लिनिककडून रेकॉर्ड मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे, संकोच करू नका. जुने एक्स-रेही सोबत घ्या. हाड किती झिजलं ते त्यांच्याशी ताडून कळतं.

कॅप हलली म्हणजे इम्प्लांट गेलंच, असं मुळीच नाही. बरेचदा आतला स्क्रू फक्त सैल झालेला असतो आणि तो पुन्हा ठरावीक जोराने आवळता येतो. पण त्याच बाजूने चावत राहिलात तर तो आत तुटू शकतो, आणि तुटका तुकडा काढणं फार जिकिरीचं काम. म्हणून आजपासून दुसऱ्या बाजूने जेवा. हिरडीतून रक्त किंवा पू येतो का, सूज आहे का, हे लिहून ठेवा. मूळ इम्प्लांटच हाडात हलत असेल, तर मात्र ते बहुधा काढावं लागतं.

कॅप निघून हातात आली असेल तर धुऊन छोट्या डबीत ठेवा. टिश्यूत गुंडाळलेली कॅप हमखास कचऱ्यात जाते. फेविक्विकने चिकटवायचा विचारही नको. कॅप गिळल्यासारखं वाटलं आणि खोकला किंवा धाप लागली, तर थेट हॉस्पिटल गाठा.

औषधांची चिट्ठी, शुगरचा रिपोर्ट सोबत हवाच. रक्त पातळ करायची गोळी स्वतःहून बंद करू नका. हाडं ठिसूळ झाली म्हणून झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन घेतलं असेल, तर ते डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. रात्री दात खात असाल तर तेही सांगा, नाहीतर नवा स्क्रूही सैल होईल.

अपॉइंटमेंट घेताना फोनवरच कंपनीचं नाव कळवा. बऱ्याच क्लिनिकमध्ये इम्प्लांटचे डॉक्टर ठरावीक वारीच येतात. त्यांना योग्य किट घेऊन येता येईल.