घराच्या पायासाठी काळा दगड कसा पारखावा

पश्चिम विदर्भात पायाखाली जो काळा दगड लागतो, तो सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भेगांमधून वर आलेल्या लाव्ह्याचा बेसॉल्ट होय. लाव्हा जमिनीवर लवकर थिजल्यामुळे त्याचे कण डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत, आणि लोहयुक्त खनिजांमुळे त्याला काळा रंग व जडपणा येतो. एक घनफूट सलग दगड सुमारे 80 किलो भरतो. भंडारा, गडचिरोलीकडचा खडक बहुतांशी वेगळा आहे, त्यामुळे पुढील पारख तिकडे जशीच्या तशी लावू नये.

खाणीत गेल्यावर ढीग पाहून सौदा करू नये. दगड हातोडीने ठोकावा. खणखणीत आवाज आला, तर तो सलग असतो. आवाज बद्द आला, तर आत चीर किंवा कुजका भाग असण्याची शक्यता असते. मग एक दगड फोडून ताजी बाजू पाहावी. ती निळसर काळी आणि एकसारखी असावी. कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोल गोटे मुरूम होण्याच्या वाटेवर असतात, त्यांना पायात घेऊ नये. पांढऱ्या दाण्यांनी भरलेली छिद्रे दिसली, तर खिळ्याने टोकरून पाहावे; दाणे सहज निघत असतील, तर तो दगड कुंपणाला ठेवावा.

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या घराची मागची भिंत अशाच छिद्राळ दगडाची होती. पावसाळ्यात तिचा खालचा हातभर भाग ओला होऊन आतून पोपडे पडत, आणि माझी आई दरवर्षी तो शेणामातीने लिंपत असे. त्या अनुभवावरून मला पाण्याची परीक्षा सर्वांत महत्त्वाची वाटते: कोरडा दगड तोलून एक दिवस-रात्र पाण्यात बुडवावा, वरचे पाणी पुसून पुन्हा तोलावा. चांगल्या बेसॉल्टचे वजन फारच थोडे वाढते. दहा किलोच्या दगडाने अर्धा किलो पाणी प्यायले, तर तो नाकारावा.

दगड ब्रासच्या मापाने विकला जातो; एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. पण मापात दगडांमधील पोकळीही मोजली जाते, म्हणून रचून मोजलेला आणि नुसता ओतलेला माल यांचा भाव एकच धरू नये.

दगड कितीही चांगला असला, तरी काळ्या मातीवर पाया टिकत नाही. ही माती याच खडकाची झीज होऊन बनलेली असून, ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तडकते, त्यामुळे खोदकाम घट्ट मुरुमापर्यंत न्यावे आणि चरीच्या बाजू काळ्या मातीने नव्हे, तर मुरूम ठोकून भराव्यात. मुरूम फार खोल असेल, तर अभियंत्याकडून पायाचा आराखडा करून घ्यावा.

बेसॉल्टची गुळगुळीत बाजू दगड जोडणाऱ्या मसाल्याला (कालवलेल्या सिमेंट-वाळूला) नीट धरत नाही. म्हणून ती टाकीने (छिन्नीने) खडबडीत करून, धूळ धुऊन, दगड ओला करून बसवावा. दर थोड्या अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घालावा, आणि मधल्या फटी मातीने न बुजवता मसाल्यात दाबलेल्या कपच्यांनी भराव्यात.