बी की पान? कोष्टक वाचायची माझी रीत

‘तिळात दुधाच्या आठपट कॅल्शियम!’ हा निरोप आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर महिन्याकाठी एकदा तरी फिरतो. आकडा खोटा नाही. शंभर ग्रॅम दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि शंभर ग्रॅम सालासकटच्या तिळात हजाराच्या आसपास. पण दूध आपण पेलाभर पितो. पेलाभर तीळ कोण खातं? संक्रांतीलासुद्धा नाही.

मी सोलापूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवत होते. निवृत्त झाले तरी आकडे तपासायची खोड गेली नाही. धाकट्या जावेचं हिमोग्लोबिन कमी निघालं तेव्हा ती म्हणाली, “ताई, मी बिया खाऊ की पालेभाज्या? एकच काय ते सांगा.” एक सांगता येत नाही हे तिला पटावं म्हणून कागदावर जी रीत मांडून दिली, तीच इथे देते. कागद, पेन्सिल आणि ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा एवढं पुरे.

आधी आकडे भरवशाचे घ्या. मी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०१७ सालची अन्नघटक कोष्टकं वापरते. त्यांत आपल्याकडच्या ५२८ पदार्थांची मोजमापं आहेत आणि अंबाडी, शेवग्यापासून अळिवापर्यंत आपल्या ओळखीचं बरंच काही सापडतं. जुनी कोष्टकं हाताशी असतील तर जपून वापरा. जुन्यात अळिवातलं लोह शंभर ग्रॅमला १०० मिलिग्रॅम दिलेलं होतं, नव्यात ते पुष्कळ खाली आलंय. तरी अळिवाच्या लाडवांच्या जाहिरातीत अजून तो शंभरचाच आकडा झळकतो.

आता एकाच झाडाची दोन रूपं शेजारी मांडा, म्हणजे बी आणि पान यांतला फरक स्वच्छ दिसतो. राजगिरा यासाठी उत्तम. त्याचा दाणा उपासाला चालतो आणि पाला एरवी भाजीला. शंभर ग्रॅम दाण्यात प्रथिनं १३ ग्रॅमच्या पुढे, पाल्यात तीन-साडेतीन. लोह दाण्यात आठ मिलिग्रॅमच्या आसपास, पाल्यात त्याच्या निम्म्याच्या थोडं वर. इथवर दाणा पुढे. पण कॅल्शियम दाण्यात १६० मिलिग्रॅमच्या आसपास आणि पाल्यात त्याच्या दुप्पट, ३३० च्या घरात. क जीवनसत्त्व पाल्यात भरपूर, दाण्यात जवळजवळ नाहीच. मेथीचंही तसंच: प्रथिनं आणि तंतू दाण्यात जास्त, कॅल्शियम मात्र पानात.

आणि हे सगळं पान पाण्याने भरलेलं असताना. राजगिऱ्याच्या पाल्यात शंभरातले ८५ हून अधिक ग्रॅम पाणीच असतं, दाण्यात जेमतेम दहा. म्हणजे शंभराच्या रकान्यात आपण कोरडा ऐवज आणि ओला ऐवज एका तागडीत घालतो. पाणी वजा करून पाहायचं असेल तर कोष्टकातला आकडा घ्या, त्याला शंभरने गुणा आणि शंभरातून पाणी वजा केल्यावर जे उरतं त्याने भागा. पाल्याचं कॅल्शियम ३३०, कोरडा भाग १४ धरला, तर उत्तर २,३०० च्या पुढे जातं. तीळ मागे पडले!

पण इथेच थांबलात तर पुन्हा फसाल. शेवग्याच्या पाल्याच्या पावडरीत ‘दुधाच्या सतरापट कॅल्शियम’ असतं असं डब्यांवर लिहिलेलं असतं ना, ते हेच गणित आहे. पाणी काढून टाकलं की सगळेच आकडे फुगतात. पावडर खायची चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम. त्यातून शंभरेक मिलिग्रॅम कॅल्शियम आलं, तर तेवढं अर्ध्या पेल्याच्या आसपास दुधातून येतं. पावडर वाईट नाही, पण ‘सतरापट’ हा शब्द पाठ करण्यासारखाही नाही.

म्हणून पहिला रकाना शंभर ग्रॅमचा, दुसरा पाणी वजा केल्याचा, पण माझ्या कागदावरचा खरा रकाना तिसरा: ताटात किती पडतं. यासाठी तुमचा नेहमीचा चमचा आणि नेहमीची जुडी काट्यावर ठेवा. माझा पोह्यांचा चमचा तिळांनी भरला की दहा ग्रॅमच्या आसपास भरतो. भाजी निवडून झाल्यावर मोजायची, कारण कोष्टकातले आकडे खाण्याजोग्या भागाचे असतात. मेथीच्या जुडीतली मुळं, माती, जाड काड्या आणि पिवळी पानं गेली की पुष्कळदा निम्मीच भाजी उरते. पावसाळ्यात तर त्याहून कमी. निवडलेला शंभर ग्रॅम पाला ढीगभर दिसतो आणि शिजला की वाटीच्या तळाशी बसतो, त्यामुळे एका माणसाला तेवढा जड नाही.

आता मांडणी करा: चमचाभर तीळ विरुद्ध शंभर ग्रॅम पालक. तिळातून कॅल्शियम शंभर मिलिग्रॅमच्या आसपास, पालकातून ऐंशी ते शंभर. जवळजवळ बरोबरी. लोह तिळातून दीड मिलिग्रॅम, पालकातून तीनच्या आसपास. फोलेट, म्हणजे ब गटातलं एक जीवनसत्त्व, पालकातून कच्च्याच्या हिशेबाने दीडशे मायक्रोग्रॅमच्या घरात (शिजवताना त्यातलं काही जातं), तिळातून दहाएक. उष्मांक मात्र तिळातून पंचावन्नच्या पुढे आणि पालकातून पंचविसाच्या आसपास. शंभराच्या रकान्यात पालकाला लोळवणारे तीळ ताटात आले की असे जमिनीवर येतात. मग शेजारी रोजची गरज लिहा: त्याच राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे मोठ्या बाईला लोह २९ मिलिग्रॅम, पुरुषाला १९, कॅल्शियम दोघांनाही १,०००. जावेने २९ समोर दीड आणि तीन पाहिले आणि गप्प झाली. तिला म्हटलं, बाजरी, मटकी, डाळी, हे सगळं धरूनच बेरीज करायची असते. शिवाय डॉक्टरांची गोळी चालू ठेव, तीळ तिची जागा घेणार नाहीत.

चौथा रकाना भरणं सगळ्यात किचकट, तरी सोडू नका: पोटात गेलेल्यातलं अंगी किती लागतं. पालकात कॅल्शियम दिसतं, पण ते ऑक्झॅलेटने, म्हणजे कॅल्शियमला धरून ठेवणाऱ्या वनस्पतींतल्या एका घटकाने, बांधलेलं असतं. शरीर त्यातलं शेकडा पाचाच्या आसपासच उचलतं, दुधातलं मात्र पाव भागाहून थोडं जास्त. म्हणजे वरची बरोबरी कागदावरच राहिली. मघाशी ज्याचं कौतुक केलं त्या राजगिऱ्याच्या पाल्यातही ऑक्झॅलेट भरपूर असतं. मेथी आणि शेवग्याच्या पाल्यात ते बरंच कमी, म्हणून कॅल्शियमसाठी मी या दोघींच्या नावापुढे खूण करते आणि पालकाच्या नावापुढे फुली. पालक फोलेटसाठी खावा.

तिळाचंही तसंच. त्यातलं बरंचसं कॅल्शियम सालीत असतं आणि तिथे ते ऑक्झॅलेटशी जखडलेलं. पांढरेशुभ्र पॉलिशचे तीळ घेतले तर साल जाते आणि कॅल्शियमचा आकडाही कोसळतो. सालासकट घेतले तर आकडा मोठा, पण सगळा पदरात पडत नाही. मी सालासकटचेच घेते, चवीसाठी. बियांमध्ये आणखी फायटेट नावाचा घटक असतो, तो लोह आणि जस्त अडवतो. भिजवल्याने, मोड आणल्याने तो काहीसा कमी होतो. त्याहून सोपं म्हणजे जेवणात लिंबू पिळणं, कारण वनस्पतींमधलं लोह क जीवनसत्त्वासोबत जास्त शोषलं जातं. आणि जेवणावर लगेच चहा नको, तासभर जाऊ द्या. आमच्याकडे या एका वाक्यावरून जेवढे वाद झाले तेवढे शेतीच्या वाटणीवरून झाले नसतील.

काही रकान्यांत तर तुलनेला जागाच नसते. अ जीवनसत्त्व ज्यापासून बनतं ते बीटा कॅरोटीन पानात, बीत नगण्य. उलट जवसात जे ओमेगा-३ नावाचं स्निग्ध आम्ल आहे, चमचाभर जवसातून दोन ग्रॅमच्या वर, तेवढं कुठलीही पालेभाजी ताटात देऊ शकत नाही. अशा ठिकाणी जास्त कोण, कमी कोण करत बसू नका. दोघांची नावं लिहा आणि पुढे चला. फक्त जवस कुटून खायचे, अख्खे गिळले तर पुष्कळसे तसेच बाहेर पडतात. कूट थोडंच करून घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवावं, नाहीतर खवट होतं.

कागद भरला की ताट जवळजवळ आपोआप ठरतं. बीटा कॅरोटीन अंगी लागायला स्निग्ध हवं, ते पानात नसतं, बीत असतं. बीला क जीवनसत्त्व हवं, ते पानात असतं, पण शिजवताना बरंच जातं. म्हणून मेथी थोडी कच्चीच चिरून, वर लिंबू आणि तेल घालून घ्यायची. सोबत कारळ्याची किंवा जवसाची चटणी आणि बाजरीची भाकरी. सोलापूरकर विचारतीलच, शेंगाचटणी का नाही? खा की, पण शेंगदाण्याला कोष्टकात डाळींच्या नातेवाइकांमध्ये बसवा. चिया महाग पडतो, आणि ओमेगा-३ साठीच घ्यायचा असेल तर जवस ते काम करतात.

दोघांना मात्र हा कागद जसाच्या तसा लागू नाही. ज्यांना ऑक्झॅलेटचे मूतखडे होतात त्यांनी पालक, राजगिरा आणि तीळ यांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. पालक, राजगिरा खायचेच झाले तर उकळून पाणी टाकावं, काही ऑक्झॅलेट त्यात निघून जातं, फोलेटही जातं. आणि जे रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेतात त्यांनी पालेभाजी अचानक वाढवू नये, अचानक बंदही करू नये. तिच्यातलं के जीवनसत्त्व गोळीच्या उलट काम करतं, आणि गोळीचं प्रमाण रोजच्या जेवणाला धरून बसवलेलं असतं.